बोर्ड तेजाबात टाकू नका: गलाई बांधवांना खुलं पत्र

प्रति,
खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, खटाव आणि माण तालुक्यांतले, पण पोटापाण्यासाठी देशभर पांगलेले सर्व गलाई बांधव आणि गलाई संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. वडिलांचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं, दुकान तामिळनाडूत होतं, माझं शिक्षण विट्यात झालं आणि आता याच तालुक्यात मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे काका, मामा, दादा म्हणूनच तुमच्याशी बोलते आहे. लहान तोंडी मोठा घास वाटला तरी पत्र शेवटपर्यंत वाचा.

जुने मोबाईल, कॉम्प्युटरचे मदरबोर्ड, रॅमच्या पट्ट्या असा माल आता गलाईच्या दुकानांत येऊ लागला आहे. भंगारवाला पोत्यातून आणतो, किलोवर देतो. आपली पोरं यूट्यूबवर व्हिडिओ बघतात आणि ज्या खोलीत आजवर सोनं-चांदी गाळली, त्याच खोलीत प्लॅस्टिकच्या बादलीत तेजाब, म्हणजे तीव्र आम्ल, ओतून आतलं सोनं काढायला त्यात हे बोर्ड सोडतात. सुट्टीला गावी आलेले माझे जुने विद्यार्थी मला याचे फोटो दाखवतात. बादलीतलं पाणी हिरवंनिळं, वर तांबूस धूर, बाजूला स्वयंपाकाचा गॅस. हे थांबवा, एवढी माझी पहिली विनंती आहे. दुसरी विनंती जास्त मोठी आहे: हेच काम कायद्यानं, एकत्र येऊन, नीट यंत्रणा लावून उभं करा. हे करण्याची ताकद देशात कुणात असेल तर ती तुमच्यात आहे, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या धंद्याची किंमत मला कुणी सांगायला नको. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, म्हणून घाटमाथ्यावरची माणसं मूस, फुंकणी आणि अंगातली कला घेऊन निघाली. आज केरळपासून पंजाबपर्यंत जिथं सराफकट्टा आहे तिथं आपला माणूस आहे. सोनाराच्या दुकानातला केर, पॉलिशच्या मशिनचा गाळ, हात धुतलेलं पाणी, बैठकीखालचं जुनं पोतं, झिजलेली लाकडी फळी, यांतून झारेकऱ्यांनी आणि गलाईवाल्यांनी पिढ्यानपिढ्या सोनं वेचलं. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावांतून एक्स-रेच्या फिल्म आणि फिल्म धुतलेलं हायपोचं पाणी यायचं, त्यातून चांदी निघायची. डिजिटल एक्स-रे आले आणि तो माल आटत गेला. माल बदलला, हे काही आपल्या धंद्याला नवं नाही.

दागिन्याची गलाई कशी चालते ते तुम्हाला मी सांगणं म्हणजे अतीच झालं. पण पुढचं बोलणं कळायला तेवढं लिहिते, कारण हे पत्र तुमची शिकलेली मुलंही वाचतील. जुनं सोनं एकास तीन चांदीत वितळवायचं. रस पाण्यात सोडून रवा करायचा आणि तो शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, शिजवायचा. चांदी आणि तांबं तेजाबात उतरतं, तळाला तपकिरी भुकटी राहते. धुऊन, टाकणखार घालून आटवली की पिवळी लगड. उरलेल्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी त्यांच्यावर राखाडी लव धरून परत येते. एकास तीनच का, तर सोन्याचा वाटा चौथाईच्या फार वर गेला की तेजाब आत शिरत नाही आणि चांदी सोन्यात अडकून राहते. माझ्या वडिलांना याचं समीकरण लिहिता येत नव्हतं, प्रमाण मात्र कधी चुकलं नाही.

या पद्धतीत एक गोष्ट आधीपासून तुमच्या बाजूची असते. मुशीत जे पडतं त्यातलं बहुतेक सगळं मोलाचंच असतं. बोर्डाचं तसं नाही.

हिशेब करून दाखवते, कारण मुलांना मी वर्गात हाच हिशेब घालते. १०० ग्रॅम सोन्याची गलाई करताना ३०० ग्रॅम चांदी विरघळते. त्यातून निघणारा तांबडा धूर, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, वजनानं सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. आता मोबाईल-कॉम्प्युटरचे चांगल्या प्रतीचे १०० किलो बोर्ड घ्या. त्यात सोनं साधारण २० ते ३० ग्रॅम, आणि तांबं २० किलोच्या घरात. ते सगळं तांबं तीव्र तेजाबात विरघळवायचं म्हटलं तर सुमारे ८० किलो शुद्ध नायट्रिक आम्ल लागेल आणि सुमारे २९ किलो तांबडा वायू बाहेर पडेल. दागिन्यात सव्वाशे ग्रॅम वायूमागे १०० ग्रॅम सोनं हाती येत होतं. इथं २९ किलो वायूमागे पंचवीसेक ग्रॅम, तेही सगळं निघालं तर. तेजाब पातळ केलं तर धूर कमी दिसतो, थांबत नाही. आणि जे निळंहिरवं पाणी उरतं त्यात वीस किलो तांबं असतं, डाखाचं, म्हणजे सोल्डरचं, शिसं असतं. ते मोरीत ओतलं की गटारात, गटारातून नदीत.

शिवाय कथील. बोर्डावरचे सगळे भाग ज्या डाखानं चिकटवलेले असतात त्यात मुख्य कथील असतं. नायट्रिकमध्ये कथील विरघळत नाही, त्याचा पांढरा चिकट चिखल होतो. हा चिखल गाळणीतून उतरत नाही आणि सोन्याचे बारीक कण पोटात धरून बसतो. बादलीत तळाला पांढरं काहीतरी साचलं म्हणून फेकून दिल्याचं मला एका विद्यार्थ्यानं सांगितलं, तेव्हा तो नफाच फेकत होता.

काही जण म्हणतील, आम्ही अख्खा बोर्ड टाकतच नाही, रॅमच्या पट्टीच्या पिवळ्या कडा आणि पिना तेवढ्या कापून घेतो. मग बाकीचं सोनं? आमच्या प्रयोगशाळेत आम्ही एका जुन्या मदरबोर्डावरची काळी चिप घासून उघडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आत सिलिकॉनचा चौकोन आणि त्याच्या चारही कडांतून बाहेर पडणाऱ्या सोन्याच्या तारा, केसाच्या निम्म्याहूनही बारीक. मुलं पाळीपाळीनं बघत होती आणि कुणी बोलेना. या तारा कडक एपॉक्सीत बंद असतात. तेजाब तिथं पोचतच नाही. बाहेरच्या कडांवर दिसतं ते सोनं एका मायक्रॉनपेक्षाही पातळ मुलाम्याचं असतं. आणखी एक, नव्या चिपांत अनेकदा सोन्याऐवजी तांब्याच्या तारा असतात, म्हणजे दिवसेंदिवस किलोमागे सोनं कमीच होत जाणार.

वीसेक वर्षांपूर्वी बंगळूरच्या लहान, विनापरवाना कारखान्यांत पाहणी झाली होती. तिथं बोर्डातल्या सोन्यापैकी फार तर चौथा हिस्सा हाती लागत होता. आधुनिक भट्टीत हेच प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे चारातले तीन ग्रॅम गटारात, राखेत आणि चिखलात. जुन्या मालातलं पॅलेडियम, पिवळ्या कपॅसिटरमधलं टँटलम, यांच्याकडे तर कुणी बघतही नाही.

आणि हे सगळं कुणाच्या जिवावर? तांबड्या धुराचा धोका असा की तो लगेच कळत नाही. थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, माणूस बाहेर येऊन पाणी पितो आणि परत कामाला लागतो. काही तासांनी, पुष्कळदा रात्री, धाप लागते, कारण फुप्फुसांत पाणी भरायला लागलेलं असतं. डॉक्टरला दुपारच्या तेजाबाची गोष्ट कुणी सांगत नाही आणि उपचार दम्याचे होतात. बोर्ड जाळून तांबं काढायचं म्हटलं तर त्याहून वाईट. बोर्डाच्या प्लॅस्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिनची रसायनं घातलेली असतात, ती जळताना डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात. शिसं मुलांच्या रक्तात जातं आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. उत्तर प्रदेशात मुरादाबादला रामगंगेच्या काठावर बोर्ड जाळून उरलेल्या काळ्या राखेचे ढीग पडले होते आणि शेवटी राष्ट्रीय हरित लवादाला त्यात लक्ष घालावं लागलं. आपली कितीतरी कुटुंबं दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा वरच्या माळ्यावर राहतात. वहिनी स्वयंपाक करतात ती खिडकी आणि भट्टीचा धूर बाहेर सोडणारी खिडकी यांत काही फुटांचं अंतर असतं. माझे वडील साठीच्या आत जिना चढताना थांबू लागले. तेव्हा आम्ही वय म्हटलं. वयापेक्षा तेजाबाचा वाटा त्यात मोठा होता असं मी आज मानते, आणि त्यांनी एकही बोर्ड गाळला नव्हता.

मग बोर्डातलं सोनं काढायचं तरी कसं? आधी बोर्ड सुटा करायचा, मग बारीक तुकडे करायचे. लोखंड चुंबकानं ओढून घ्यायचं, ॲल्युमिनियम वेगळं काढायचं, प्लॅस्टिक आणि धातू वजनाच्या फरकानं वेगळे करायचे. धातूचा भाग भट्टीत गेला की वितळलेलं तांबं सोनं, चांदी, पॅलेडियम आपल्यात ओढून घेतं. भट्टीचा धूर सरळ आकाशात जात नाही, त्याला जास्त तापमानावर पुन्हा जाळून, धुऊन सोडावं लागतं. या अशुद्ध तांब्याच्या पाट्या विजेवर शुद्ध केल्या की तांबं समोरच्या पाटीवर जाऊन बसतं आणि मौल्यवान धातू टाकीच्या तळाला गाळ होऊन साचतात. त्या गाळात सोनं असतं, चांदी असते, आणि वाट अडवणारं तांबं बहुतेक निघून गेलेलं असतं.

बांधवांनो, हा गाळ म्हणजे तुमचा माल आहे. जगातला सर्वांत मोठा कारखाना आणि विट्याजवळच्या खेड्यातून गेलेला गलाईवाला, दोघंही इथं जवळपास तेच रसायनशास्त्र वापरतात. तुमची कला बोर्डाच्या सुरुवातीला वाया घालवू नका, ती या शेवटच्या टप्प्याला लावा. आधीचे टप्पे यंत्रांचे आणि इंजिनिअरांचे आहेत, ते एकट्या दुकानाला झेपणार नाहीत. म्हणूनच मी एकत्र या म्हणते.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर टोकियोचं उदाहरण बघा. २०२० च्या ऑलिंपिकसाठी जपाननं दोन वर्षं लोकांकडून जुनी उपकरणं गोळा केली. सुमारे ७९ हजार टन उपकरणं आणि ६२ लाख मोबाईल जमले. त्यातून साधारण ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्यपदकांसाठीचे धातू निघाले आणि जवळजवळ पाच हजार पदकं त्यातून ओतली गेली. जगभरात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. ई-कचरा निर्माण करण्यात चीन आणि अमेरिकेनंतर आपला देश आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ साली बंद झाल्या, शेवटी तिथल्या टनभर दगडात काही ग्रॅम सोनं उरलं होतं. टनभर चांगल्या बोर्डांत ते २०० ते ३०० ग्रॅम असतं. आपण दरवर्षी सातशे-आठशे टन सोनं बाहेरून विकत आणतो आणि आपल्याकडचे निवडलेले बोर्ड मात्र परदेशी भट्ट्यांकडे पाठवतो.

कायद्याचं थोडं. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार ई-कचऱ्यातून धातू काढणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते आणि राज्य मंडळाची संमती लागते. नोंदणी नसलेल्याशी व्यवहारच करायचा नाही असा नियम आहे, म्हणजे आज बादलीत बोर्ड टाकणारा पोरगा कायद्याबाहेर आहे, त्याला ते माहीत असो वा नसो. पण हेच नियम नोंदणी केलेल्याच्या बाजूनं उभे आहेत. उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना त्यांच्या जुन्या उपकरणांच्या कचऱ्यातला ठरलेला वाटा दरवर्षी रिसायकल करून घ्यावा लागतो. २०२५-२६ साठी हा वाटा ७० टक्के आहे आणि २०२७-२८ पासून ८० टक्के होणार. त्यासाठी कंपन्या नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेतात. ही प्रमाणपत्रं चार धातूंवर मिळतात: सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड. म्हणजे काढलेलं सोनं विकून पैसे मिळतातच, वर ते काढल्याच्या कागदालाही किंमत आहे. बादलीवाल्याला दुसरी कमाई कधीच मिळत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं महत्त्वाच्या खनिजांच्या रिसायकलिंगसाठी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ई-कचरा आणि लिथियम बॅटरीचं भंगार दोन्ही त्यात बसतात, वेळेत उत्पादन सुरू करणाऱ्याला यंत्रसामग्रीवर २० टक्के अनुदान आहे, आणि एक तृतीयांश निधी लहान आणि नव्या रिसायकलरांसाठी राखलेला आहे. सोनं त्या खनिजांच्या यादीत नाही. तांबं, कथील, टँटलम, निकेल, कोबाल्ट, लिथियम आणि पॅलेडियम-प्लॅटिनमचा गट मात्र आहे. बादलीतून गटारात जातं ते नेमकं हेच. तंत्रज्ञानासाठीही दूर जायला नको. इलेक्ट्रॉनिक्समधल्या पदार्थांवर काम करणारी सी-मेट ही सरकारी संस्था पुण्यात आहे आणि तिच्या हैदराबाद केंद्रानं बोर्डांतून धातू काढण्याची पद्धत विकसित केली आहे. जमशेदपूरची राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळा अशी तंत्रं उद्योगांना देते. त्यांचं दार गलाई संघटनेनं ठोठावलं तर ते उघडणार नाही असं मला वाटत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध करते, कारण असे व्हिडिओ फिरतात. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांचा स्पंज करून २० मदरबोर्डांतून ४५० मिलिग्रॅमचा, २२ कॅरटचा सोन्याचा गोळा काढला. संशोधन खरं आहे आणि सुंदर आहे, आणि दुधाचा पट्टा असलेल्या आपल्या जिल्ह्यानं त्याकडे जरूर बघावं. पण तिथंही धातू आधी आम्लातच विरघळवले होते. निवळीनं तेजाब टळत नाही.

आता तुमच्या अडचणी. त्या मला माहीत आहेत. हॉलमार्किंग २०२१ पासून सक्तीचं झालं, सोनं तपासणारं एक्स-रे मशिन काही सेकंदांत टंच, म्हणजे शुद्धता, सांगतं, मोठ्या रिफायनऱ्या थेट सराफांकडून माल उचलतात. जो कस तुमचे आजोबा कसोटीच्या दगडावर नजरेनं सांगायचे, त्याला आता पूर्वीइतकं गिऱ्हाईक नाही. पोरं म्हणतात, बाबांच्या दुकानात भविष्य नाही. आणि परमुलखातली ती कायमची टांगती तलवार: कुणीतरी चोरीचं सोनं आणून दिलं, आपण चांगल्या मनानं घेतलं आणि पोलीस दारात. पूर्वीचं कलम ४११, आता न्याय संहितेतलं ३१७, हे आकडे आपल्या घरांत लहान पोरांनाही पाठ आहेत. नोंदणीकृत ई-कचऱ्याच्या कामात प्रत्येक किलोची आवक-जावक पोर्टलवर चढते, माल कुणाकडून आला त्याचं बिल असतं. ज्या धंद्याला कागद नसल्यामुळे आपल्याला इतकी वर्षं मान खाली घालावी लागली, त्याला कागद मिळेल. माझ्या दृष्टीनं ही गोष्ट अनुदानापेक्षा मोठी आहे.

तुमच्याकडे आणखी काहीतरी आहे जे कुठल्याच कंपनीकडे नाही. देशातल्या प्रत्येक व्यापारी गावात तुमचं दुकान आहे आणि दुकानावर विश्वास आहे. भंगारवाले, मोबाईल दुरुस्तीवाले रोज तुमच्या दारावरून जातात. ही दुकानं जर नोंदणीकृत कारखान्याची संकलन केंद्रं झाली, तिथं बोर्ड फक्त निवडले, तोलले आणि पाठवले गेले, भट्टी आणि तेजाब मात्र एकाच ठिकाणी, देखरेखीखाली राहिलं, तर मोठमोठ्या कंपन्यांना जे जाळं विणायला वर्षं लागतील ते तुमच्याकडे आज आहे. भंगारवाल्याला यात भागीदार करा. पोतं तोच आणतो.

आणि ते एक ठिकाण आपल्या जिल्ह्यात असावं. पण कुठंही नाही. आपली गावं येरळा, अग्रणी आणि माणगंगेच्या काठची. टेंभू योजनेचं पाणी शिवारात यायला आपण किती वाट बघितली ते विसरू नका. त्या पाण्यात शिसं आणि तांबं मिसळणारा कारखाना मला नको आहे, मग त्यानं कितीही रोजगार दिला तरी. औद्योगिक वसाहतीत, नदी-ओढ्यापासून दूर, सांडपाणी बाहेर न सोडणारा, उरलेला घातक गाळ रांजणगावसारख्या अधिकृत जागी पाठवणारा कारखाना असेल तरच त्याला गावात आणा. अशी अट आपणच घातली तर गावही सोबत येईल.

माल आपल्याकडे काय कमी आहे? ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीच्या रस्त्यांवर चिखलात माखलेले टीव्ही, मिक्सर, फ्रीज, कॉम्प्युटर ढिगानं पडले होते. २०२१ ला पुन्हा तेच. मिरजेची रुग्णालयं जुनी यंत्रं काढतात, कुपवाडच्या कारखान्यांत कंट्रोल पॅनेल बदलतात. आणि पुढचा माल आताच शेतात उभा आहे. दुष्काळी तालुक्यांत सौर पंप वाढले. प्रत्येक सौर पॅनेलवर ज्या बारीक रेघा दिसतात त्या चांदीच्या असतात, एका पॅनेलमागे काही ग्रॅम. ही पॅनेल वीस-पंचवीस वर्षांनी निवृत्त होतील. नियमानुसार २०३४-३५ पर्यंत सौर कचरा साठवून ठेवायचा आहे, म्हणजे तयारीला वेळ आहे. चांदी ओळखणाऱ्या माणसांनी ही संधी दुसऱ्याला का द्यावी?

आपल्याला जमेल का, ही शंका मला पटत नाही. बळवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधलं, त्यासाठीचा पैसा नदीतली वाळू विकूनही उभा केला. तेव्हा त्यांच्यापाशी आजच्या गलाई बांधवांइतका पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या. सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या, पाणी संस्था या जिल्ह्यानं चालवल्या आहेत. त्यातल्या काही बुडाल्या हेही खरं, आणि का बुडाल्या ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी सहकारच म्हणते असं नाही. कंपनी करा, भागीदारी करा. हिशेब उघडा ठेवा, एवढंच.

येत्या दसऱ्याला पालख्यांच्या शर्यतीसाठी तुम्ही विट्याला येणारच आहात. चैत्रात खरसुंडीच्या सिद्धनाथाला आलात तेव्हा भेटी झाल्या, बोलणं नाही झालं. संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या एकाच विषयावर बैठक लावावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांना, सी-मेटच्या शास्त्रज्ञांना तिथं बोलवावं. पत्रव्यवहाराचा मसुदा मी करून देते. बैठकीला घरातल्या बायकांनाही आणा, धूर त्यांच्याही वाट्याला येतो. आणि ज्या पोरांनी बादलीतले प्रयोग केले आहेत त्यांना रागावू नका, पुढे बसवा, कारण बोर्डांबद्दल आज गावात सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत आहे. येताना प्रत्येकानं आपल्या दुकानातला एखादा किलो बोर्ड जसा आहे तसा, न कापता, न जाळता आणावा. आमचे विद्यार्थी तो तुमच्यासमोर सुटा करतील आणि कुठल्या भागात काय आहे ते तुम्हीच एक्स-रे मशिनवर बघाल.

तोपर्यंत बादली रिकामी ठेवा. उरलेलं तेजाबाचं पाणी मोरीत ओतू नका. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये झाकून, उन्हापासून आणि मुलांपासून दूर ठेवा, झाकण गच्च आवळू नका कारण आत वायू धरतो, आणि कॅनवर आत काय आहे ते ठळक लिहा. त्याचं काय करायचं ते बैठकीत ठरवू.

आपली,
गलाई घरातली एक शिक्षिका,
ता. खानापूर, जि. सांगली